मिरज लाइनवरचे कारखाने

पुण्याहून मिरजेकडे निघालेली गाडी सातारा रोड, कराड आणि किर्लोस्करवाडी अशी स्टेशने घेत कृष्णेच्या खोऱ्यात उतरते. विसाव्या शतकाच्या पहिल्या पंचवीस वर्षांत या तिन्ही स्टेशनांच्या आसपास एकेक कारखाना उभा राहिला. सातारा रोडला धनजीशहा कूपर यांचा, कराड स्टेशनाशेजारी ओगले बंधूंचा आणि त्यापुढे, तेव्हा ‘कुंडल रोड’ नाव असलेल्या आडस्टेशनावर लक्ष्मणराव किर्लोस्करांचा. नांगर, कंदील, पंप, इंजिने असा माल या ठिकाणी तयार होऊ लागला. त्या काळी या भागात ना वीज होती, ना कोळसा, ना लोखंडाची खाण. मोठी पेठही जवळ नव्हती. तरीही कारखाने उभे राहिले आणि टिकले. ते कसे टिकले याचे उत्तर यंत्रांत शोधण्यापेक्षा त्या यंत्रांपाशी उभ्या केलेल्या पोरांमध्ये शोधावे लागते.

या गोष्टीची सुरुवात मात्र मिरज लाइनवर झाली नाही. ती झाली मुंबई-पुणे रस्त्यावरच्या तळेगाव दाभाड्यात, आणि तीही एका शाळामास्तराच्या डोक्यात.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी पुण्यात उद्योगाची चर्चा खूप होती. न्यायमूर्ती रानडे यांनी १८९० मध्ये औद्योगिक परिषद भरवली होती. त्याआधी १८७७ च्या दिल्ली दरबारात सार्वजनिक काका, म्हणजे गणेश वासुदेव जोशी, हातमागाच्या खादीचे कपडे घालून गेले होते. देश दरिद्री का झाला, यावर दादाभाई नौरोजींपासून रानड्यांपर्यंत सगळ्यांचे आकडे तयार होते. पण कारखाना काढायचा तर भांडवल लागते, आणि भांडवल ज्यांच्याकडे होते ते सावकारी आणि जमीन सोडून यंत्रात पैसा घालायला धजत नव्हते. मुंबईच्या कापडगिरण्या ही वेगळी दुनिया होती. घाटावरच्या माणसाला तिचा उपयोग एवढाच, की तिथे नोकरी मिळे.

अंताजी दामोदर काळे या शिक्षकाने यावर एक हिशेब मांडला. मोठा धनी सापडत नसेल तर प्रत्येक माणसाने वर्षाला फक्त एक पैसा द्यावा आणि त्यातून देशी उद्योग उभे करावेत. त्या वेळी रुपयाचे चौसष्ट पैसे होत. म्हणजे दहा हजार रुपये जमवायचे तर सहा लाख चाळीस हजार पैसे गोळा करायचे. ऐकायला ही कल्पना भाबडी वाटते. पण तिची खरी ताकद रकमेत नव्हती. एक पैसा मागायला सहा लाख चाळीस हजार वेळा कुणाला तरी कुणाच्या तरी दारात जावे लागते, आणि ते काम तरुण स्वयंसेवकांशिवाय होणे शक्य नव्हते. लोकमान्य टिळकांनी या कल्पनेला पाठबळ दिले. वंगभंगानंतर स्वदेशीची लाट उसळली आणि ‘पैसा फंड’ हे नाव घरोघर पोचले.

जमलेल्या पैशाचे काय करायचे, यावर मतभेद होणारच होते. अखेर काचेचा कारखाना काढायचे ठरले आणि १९०८ मध्ये तळेगावला भट्टी पेटली. त्याच वर्षी जूनमध्ये टिळकांना अटक झाली आणि पुढची सहा वर्षे ते मंडालेच्या तुरुंगात होते. चळवळीचा कणा मोडावा असाच तो काळ. तळेगावातच प्रा. विष्णु गोविंद विजापूरकर यांचे समर्थ विद्यालय राष्ट्रीय शिक्षणाचा प्रयोग करत होते. विजापूरकरांना राजद्रोहाच्या आरोपाखाली तुरुंगात टाकले गेले आणि १९१० मध्ये सरकारने विद्यालयही बंद पाडले. शाळा बंद पाडता आली, भट्टी मात्र चालू राहिली. काच फुंकायला शिकवणे हा राजद्रोह ठरवणे सरकारलाही अवघड गेले असावे.

काचच का निवडली, हे समजून घेण्यासारखे आहे. त्या वेळी घराघरातली काच परदेशी होती. बायकांच्या हातातल्या बांगड्या ऑस्ट्रियाहून येत, दिव्याच्या चिमण्या, बाटल्या, पेले युरोप आणि जपानमधून. कच्चा माल म्हणजे वाळू, चुना आणि सोडा. त्यातला सोडा सोडला तर बाकीचे देशात मिळणारे. नव्हते ते कौशल्य. काच ही पुस्तक वाचून बनवता येत नाही. भट्टीतल्या मुशीत मिश्रण वितळून मधासारखे झाले, की लोखंडी फुंकनळीच्या टोकावर त्याचा गोळा उचलायचा, नळी हातात सतत फिरवत ठेवायची आणि फुंकर घालून त्याला आकार द्यायचा. फिरवणे थांबले की गोळा एका अंगाला लोंबतो. फुंकर जोराची झाली की भिंत पातळ होते. आणि वस्तू तयार झाल्यावर ती लगेच उघड्या हवेत ठेवली तर तडकते, म्हणून वेगळ्या भट्टीत तिला हळूहळू निववावे लागते. हे सगळे हात, डोळा आणि श्वास यांनी शिकायचे असते, आणि शिकवणारा माणूस शेजारी उभा असावा लागतो.

तो माणूस मिळाला ईश्वरदास वार्ष्णेय यांच्या रूपाने. मूळचे संयुक्त प्रांतातले वार्ष्णेय जपान आणि अमेरिकेत काचविद्या शिकून आले होते. तळेगावच्या भट्टीवर त्यांनी मराठी पोरांना तयार केले आणि पुढे आपल्या प्रांतात जाऊन बहजोईला काचेचा मोठा कारखाना उभारला. पैसा फंडाच्या कारखान्याने व्यापारात फार मोठी मजल मारली असे म्हणता येणार नाही. त्याचे मोल वेगळ्या ठिकाणी आहे. तिथे शिकलेली मुले देशात ठिकठिकाणच्या काच कारखान्यांत गेली. लोकांनी पैसा पैसा देऊन उभारलेली ती खरे तर एक कार्यशाळाच ठरली.

तळेगावच्या त्या भट्टीशी ज्यांचे नाते जुळले, त्यांत ओगले बंधूही होते.

श्रीपाद आणि गुरुनाथ ओगले या भावांनी १९१६ मध्ये कराड स्टेशनाजवळ ओगले ग्लास वर्क्स सुरू केला. पहिले महायुद्ध ऐन भरात होते. ऑस्ट्रिया आणि जर्मनी शत्रुराष्ट्रे झाल्याने तिकडचा माल थांबला होता, जहाजे लढाईच्या कामी लागली होती आणि बाजारात काचेची टंचाई होती. संधी अचूक साधली खरी, पण संधी साधायला आधी विद्या हातात असावी लागते. ती विद्या आठ वर्षे आधी तळेगावात रुजली होती. पुढे ओगल्यांनी कंदील बनवायला घेतला. वडिलांचे नाव प्रभाकर, आणि कंदिलालाही तेच नाव.

‘प्रभाकर’ कंदील हा महाराष्ट्राच्या कैक पिढ्यांच्या ओळखीचा. त्याच्या उजेडात पोरांनी पाढे म्हटले, बाळंतपणे झाली, रात्री-अपरात्री मोटेवर आणि मळणीवर माणसे गेली. कंदील साधा दिसतो, पण तो दोन उद्योगांचा मिलाफ आहे. पत्र्याचे काम अचूक हवे, नाहीतर तेल झिरपते आणि वाऱ्याचा झोत ज्योतीवर येतो. काच आतून तापलेली असताना बाहेरून पावसाचा थेंब पडला तरी तडकता कामा नये. परदेशी कंदिलाशी स्पर्धा करायची म्हणजे या दोन्ही गोष्टी साधायच्या आणि शिवाय किंमत खेड्यातल्या माणसाला परवडेल अशी ठेवायची. कारखान्याभोवती वसलेल्या ओगलेवाडीत हे काम करणारे बहुतेक कामगार आसपासच्या गावांतले, शेतीवर पोट न भरणारे तरुण होते.

आता ज्यांच्यामुळे या भागाचे नाव सर्वदूर गेले त्यांच्याकडे वळायला हवे.

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म १८६९ चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. संगीत रंगभूमीचे अण्णासाहेब किर्लोस्करही याच गावचे. लक्ष्मणरावांना चित्रकार व्हायचे होते. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये ते दाखल झाले, पण त्यांना रंग नीट ओळखता येत नाहीत हे ध्यानात आले आणि तो मार्ग संपला. रेघ मात्र उत्तम होती. यंत्रांची आरेखने काढण्यात ते तरबेज झाले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवू लागले. बढतीची वेळ आली तेव्हा ती जागा एका अँग्लो-इंडियन माणसाला मिळाली. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि ते बेळगावला परतले. तिथे त्यांचे थोरले भाऊ रामूअण्णा यांच्यासह ‘किर्लोस्कर ब्रदर्स’ या नावाने सायकलींचे दुकान चालत होते. सायकल विकायची आणि घेणाऱ्याला ती चालवायलाही शिकवायची, असा तो व्यवसाय. दुकानामागे लक्ष्मणरावांची खटपट चालू असे. अमेरिकन यंत्रविषयक मासिके मागवून वाचायची आणि आपल्या शेतकऱ्याला काय लागेल याचा विचार करायचा. त्यातून कडबा कापायचे यंत्र निघाले आणि मग लोखंडी नांगर.

लोखंडी नांगराची गरज खरीच होती. दख्खनच्या काळ्या रानात हरळी आणि कुंदा खोलवर मुळे धरतात. लाकडी नांगर जमीन ओरखडतो, पलटत नाही, त्यामुळे तण पुन्हा उगवते. इंग्लंडहून येणारे रॅन्सम कंपनीचे लोखंडी नांगर मोठ्या बागायतदारांकडे दिसू लागले होते. लक्ष्मणरावांनी तसाच, पण इथल्या बैलांना आणि इथल्या खिशाला झेपेल असा नांगर बनवला. शेतकरी मात्र जवळ येईना. लोखंडाने जमीन विषारी होते, असा समज होता. पहिले सहा नांगर विकायला दोन वर्षे लागली. दोन वर्षांत सहा! आजच्या कुठल्याही कंपनीने हा माल कधीच मोडीत काढला असता. लक्ष्मणराव शेतात जाऊन नांगर चालवून दाखवत राहिले. आणि पुढे हीच वस्तू कारखान्याची भाकर झाली.

बेळगावातून त्यांना उठावे लागले ते नगरपालिकेमुळे. गावाची वाढ करण्यासाठी तिला कारखान्याची जागा हवी होती. कारखाना उचलायचा तर न्यायचा कुठे, हा प्रश्न. मदतीला आले औंधचे संस्थानिक बाळासाहेब पंतप्रतिनिधी. औंधात एका बांधकामाचे काम लक्ष्मणरावांनी घेतले होते, त्यातून ओळख झाली होती. औंध हे बहात्तर गावांचे लहानसे संस्थान. बाळासाहेब १९०९ मध्ये गादीवर आले. ते स्वतः चित्रकार होते, सूर्यनमस्कारांचे प्रचारक म्हणून पुढे देशभर त्यांचे नाव झाले. त्यांनी लक्ष्मणरावांना सांगितले, की संस्थानात हवी ती जागा निवडा. लक्ष्मणरावांनी रेल्वेच्या कडेची जागा निवडली. कुंडल रोड स्टेशनाशेजारची बत्तीस एकर जमीन आणि दहा हजार रुपये बिनव्याजी, एवढे भांडवल मिळाले.

जागा म्हणजे निवडुंगाचे रान. सापांचा सुळसुळाट, पाण्याची वानवा. मार्च १९१० मध्ये तिथे मुक्काम पडला तेव्हा पंचवीस कामगार आणि त्यांची कुटुंबे बरोबर होती. निवडुंग तोडून जमीन मोकळी केली, शेड उभी केली, झोपड्या बांधल्या. रामूअण्णांनी वसाहतीचा भार उचलला. रस्ते, पाणी, शाळा, दुकान हे सगळे त्यांच्याकडे. लक्ष्मणरावांच्या सोबतीला होते शंभुराव जांभेकर, मंगेशराव रेगे, अनंतराव फळणीकर, के. के. कुलकर्णी. यांतल्या काहींनी शाळा मध्येच सोडलेली होती. तीच माणसे यंत्रांचे नमुने बनवू लागली, ओतशाळा सांभाळू लागली, हिशेब ठेवू लागली.

ही बाब नीट पाहिली पाहिजे. पदव्यांनी माणसे निवडायची सोय लक्ष्मणरावांना नव्हतीच. मुंबई-पुण्याचा शिकलेला इंजिनिअर निवडुंगाच्या रानात येऊन का राहील? म्हणून त्यांनी हाताशी असलेल्या पोरांतून कारागीर घडवले. बिडाचे ओतकाम घ्या. आधी वस्तूचा लाकडी नमुना करायचा. ओलसर वाळू चौकटीत ठासून त्यात नमुन्याचा ठसा उठवायचा. नमुना काढून घ्यायचा आणि त्या पोकळीत वितळलेले बीड ओतायचे. वाळूत ओल जास्त झाली तर वाफ कोंडते आणि बिडात पोकळ्या राहतात. ओल कमी झाली तर साचा ढासळतो. ओल किती हवी, हे अनुभवी ओतारी वाळू मुठीत दाबून सांगतो. शेतकऱ्याच्या घरातल्या पोराला मातीची ओल मुठीत दाबून ओळखायची सवय लहानपणापासून असते. कुंडलच्या परिसरातून आलेल्या पोरांनी ओतशाळेचे काम झटकन उचलले असेल तर त्यात नवल वाटायला नको.

लक्ष्मणरावांचा माणसांवरचा विश्वास या थराचा होता, की शिक्षा भोगून आलेल्यांनाही त्यांनी कामावर घेतले आणि रात्रीच्या पहाऱ्यावर नेमले. वसाहतीत शिवाशीव पाळायला त्यांचा विरोध होता. १९१० च्या सुमारास, गावोगाव वेगळे पाणवठे असताना, एका कारखानदाराने ही भूमिका घेणे सोपे नव्हते.

तरीही एक गोष्ट मोकळेपणाने मान्य करायला हवी. या उद्योगांचे मालक आणि वरचे अधिकारी बहुतेक एकाच थरातले होते, ज्यांच्या घरात इंग्रजी शिक्षण आधी पोचले होते त्या थरातले. भट्टीपुढे, साच्यांपुढे उभे राहणारे हात बहुजन समाजाचे होते. कारागीर ते फोरमन ही पायरी अनेकांनी चढली, पण फोरमन ते मालक ही पायरी चढायला आणखी दोन पिढ्या जाव्या लागल्या. या कारखान्यांचे श्रेय मांडताना ही मर्यादा झाकून ठेवली तर इतिहास अर्धाच सांगितला जातो.

पहिल्या महायुद्धाने ओगल्यांप्रमाणे किर्लोस्करांनाही वाव दिला. परदेशी नांगर येईनासे झाले आणि किर्लोस्कर नांगराला गिऱ्हाईक वाढले. पण त्याच युद्धाने लोखंड आणि कोळसाही महाग केला. दोन्ही बाजूंनी ओढाताण होत असताना कारखाना तगला आणि युद्धानंतर किर्लोस्करवाडीत नवी पिढी कामाला लागली.

त्या पिढीतले एक शंकर वासुदेव किर्लोस्कर, महाराष्ट्राचे ‘शंवाकि’. मन चित्रकलेत, हाती आली कारखान्याची जाहिरात. १९२० मध्ये, वयाच्या तिशीच्या उंबरठ्यावर, त्यांनी ‘किर्लोस्कर खबर’ नावाचे पत्रक काढले. नांगर घेणाऱ्या शेतकऱ्याला मालाची माहिती द्यावी, एवढाच मूळ हेतू. पण हळूहळू त्यात उद्योगाच्या यशकथा, विज्ञान, समाजसुधारणा, व्यंगचित्रे येऊ लागली. तेच पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक झाले. १९३० मध्ये ‘स्त्री’ आले आणि १९३४ मध्ये ‘मनोहर’. एका आडरानातल्या नांगराच्या कारखान्यातून महाराष्ट्राच्या मध्यमवर्गाचे वाचन घडवणारी तीन मासिके निघावीत, हे इतर प्रांतांत क्वचितच घडले असेल. अंधश्रद्धेवर कोरडे ओढणारे सावरकरांचे विज्ञाननिष्ठ निबंध ‘किर्लोस्कर’मध्ये छापून आले. लोखंडाने जमीन विषारी होते या समजाशी झगडलेल्या कारखान्याने पुढे छापखान्यातून अनेक समजांशी झगडा मांडला, आणि ‘स्त्री’ने घरातल्या बाईला तिच्या स्वतःच्या प्रश्नांसाठी एक जागा दिली.

दुसरे शंतनुराव, लक्ष्मणरावांचे थोरले चिरंजीव. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतून १९२६ मध्ये मेकॅनिकल इंजिनिअर होऊन ते परतले ते थेट वाडीला. मुंबईत कुठल्याही इंग्रजी कंपनीत त्यांना मोठ्या पगाराची जागा मिळाली असती. त्यांनी वडिलांच्या ओतशाळेत काम सुरू केले. पंप, यंत्रे, लोखंडी फर्निचर अशी मालाची यादी वाढत गेली. १९४१ मध्ये हरिहरला लेथ बनवणारा कारखाना निघाला आणि १९४६ मध्ये पुण्यात ऑइल इंजिनांचा आणि बंगळूरला विजेच्या मोटारींचा. स्वातंत्र्यानंतर विहिरीवरची मोट जाऊन इंजिन आणि पंप आले, त्या बदलात या घराण्याचा वाटा फार मोठा आहे.

सातारा रोडचे कूपर वेगळ्या वाटेने आले. धनजीशहा बोमनजी कूपर हे साताऱ्याचे पारशी गृहस्थ. राजकारणात त्यांनी १९३७ मध्ये काही महिने मुंबई इलाख्याचे पंतप्रधानपदही भूषवले. काँग्रेसने आधी मंत्रिमंडळ बनवायला नकार दिल्याने ती संधी आली होती. पण साताऱ्यात त्यांची खरी ओळख १९२२ च्या कारखान्याने. नांगरापासून सुरुवात करून हा कारखाना डिझेल इंजिनांपर्यंत पोचला. पुढे वालचंद हिराचंद यांनी तो आपल्या उद्योगसमूहात घेतला.

वालचंदांचे नाव निघाले की गोष्ट दरीखोऱ्यांतून थेट समुद्रावर जाते. सोलापूरच्या या गृहस्थाने ५ एप्रिल १९१९ रोजी ‘लॉयल्टी’ हे जहाज मुंबईहून लंडनला रवाना केले. तो दिवस आज राष्ट्रीय सागरी दिन आहे. ब्रिटिश जहाज कंपन्यांनी दर पाडून वालचंदांच्या सिंदिया या जहाज कंपनीला बुडवायचा चंग बांधला होता, तरी ती टिकली. पण जहाज आपले झाले म्हणून कप्तान आपला होत नाही. हिंदी तरुणांना अधिकारी म्हणून शिकवायला कुणी तयार नव्हते. १९२७ मध्ये मुंबईत ‘डफरिन’ हे प्रशिक्षण-जहाज सुरू झाले आणि तिथून बाहेर पडलेल्या पोरांना सिंदियाच्या जहाजांनी आपल्या डेकवर उभे केले. १९४० मध्ये बंगळूरला विमानाचा कारखाना आणि १९४१ मध्ये विशाखापट्टणमला जहाजबांधणीचा कारखाना हे वालचंदांचेच उपक्रम. १४ मार्च १९४८ रोजी विशाखापट्टणमला ‘जलउषा’ पाण्यात उतरली तेव्हा समारंभाला पंडित नेहरू हजर होते.

या सगळ्या कहाणीत तरुणांची दुसरी बाजूही आहे, आणि ती याच रुळांवर घडली. किर्लोस्करवाडीला लागून असलेले कुंडल हे १९४३ नंतर क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारचे प्रमुख केंद्र बनले. गावोगावचे विशी-पंचविशीतले तरुण त्यात उतरले. जी. डी. बापू लाड त्यांचे पुढारी होते आणि कॅप्टन भाऊ म्हणून ओळखले जाणारे रामचंद्र श्रीपती लाड प्रतिसरकारच्या तुफान सेनेत होते. ७ जून १९४३ रोजी शेणोलीला सरकारी पगाराची रक्कम घेऊन जाणारी गाडी त्यांनी अडवली. शेणोली हे कराड आणि किर्लोस्करवाडी यांच्यामधले स्टेशन. याच भागातले काही तरुण ओतशाळेत बीड ओतत होते आणि काही रानात भूमिगत होते. दोघांनाही परकी सत्ता नको होती. देश उभारायचा म्हणजे काय, याची दोन उत्तरे पाच-दहा मैलांच्या अंतरात एकाच वेळी दिली जात होती, आणि ती एकमेकांच्या विरोधात नव्हती. १९३९ मध्ये औंधच्या राजाने आपली सत्ता प्रजेच्या हाती देणारी राज्यघटना लागू केली होती. जो राजा कारखान्याला जमीन देतो तोच प्रजेला सत्ता देतो, हा या भागाचा वारसा आहे.

लक्ष्मणराव १९५६ मध्ये गेले. त्यानंतर महाराष्ट्रात औद्योगिक वसाहती झाल्या, सहकारी साखर कारखाने झाले, अभियांत्रिकी महाविद्यालये गावोगाव निघाली. विजेचे दिवे आले, कंदिलाची गरज उरली नाही आणि ओगलेवाडीची भट्टीही बंद पडली. किर्लोस्करवाडीत पंप आजही बनतात.

या इतिहासातून आजच्या उद्योजकांना विचारावा असा एक प्रश्न उरतो. वार्ष्णेयांनी तळेगावला, किर्लोस्करांनी कुंडल रोडला, सिंदियाने जहाजांच्या डेकवर जे केले ते आज किती जण करतात? सरकारने १९६१ मध्ये शिकाऊ उमेदवारांचा कायदा केला आणि कारखान्यांवर मुले घेऊन शिकवण्याची जबाबदारी टाकली. पण अनेक ठिकाणी शिकाऊ म्हणजे कमी पगाराचा हमाल असा अर्थ झाला आहे. वर्षभर पोरगा माल उचलतो, यंत्राला हात लावू दिला जात नाही आणि शेवटी हातात एक कागद मिळतो. दुसऱ्या बाजूला, पदवी घेऊन बाहेर पडलेली मुले कानशीशी परिचय नसताना मुलाखतींच्या रांगा लावतात. दोन्हीकडे वेळ वाया जातो, आणि तो वेळ देशाचा आहे.

चाकण, रांजणगाव, सांगली-मिरजेच्या कुपवाड औद्योगिक वसाहतीत आज असंख्य कारखाने चालू आहेत. त्यांच्या मालकांनी आपल्या आसपासच्या गावांतली पोरे आणि पोरीही कामावर घ्याव्यात, त्यांच्या शेजारी एक जाणता माणूस उभा करावा, सुरुवातीची दोन वर्षे त्यांच्याकडून फायद्याची अपेक्षा ठेवू नये. पहिले सहा नांगर विकायला लागलेल्या वेळापेक्षा हा वेळ जास्त नाही.

आणि मुलांनी व त्यांच्या आईवडिलांनीही ओतशाळेच्या, भट्टीच्या, लेथच्या कामाकडे कमीपणाने पाहू नये. घरात कुणाला कारखान्यात शिकायला जायचे असेल तर त्याला अडवू नका. शिकाऊ म्हणून नाव नोंदवताना मात्र तिथे खरेच शिकवतात का, हे आधी चार कामगारांना विचारून घ्या.